मानसिंगरावांचा लोड

भोरच्या एसटी स्टँडाजवळ एका दुकानात मी कामाला आहे. तिथं पाण्याच्या मोटरी, इन्व्हर्टर आणि जनरेटर मिळतात. विकतात मालक, बसवतो मी, आणि बिघडलं की शिव्या खायलाही मीच जातो. सतरा वर्षं झाली या कामाला. एवढ्या वर्षांत माझ्या हातून एक चूक अशी झाली, की ती निस्तरायला गेलो आणि तिच्यात आणखी भर घालून परत आलो. मानसिंगरावांची ओळख करून द्यायची तर त्या चुकीपासूनच सुरुवात करावी लागते. त्यांचं गाव आंबवड्याच्या पुढं डोंगराला टेकून आहे. नाव सांगत नाही, कारण मला तिथं अजून ऑइल बदलायला जावं लागतं.

मानसिंगराव सत्तरीचे. ताठ उभे राहतात, पांढरी टोपी कधी तिरकी होऊ देत नाहीत आणि भाताच्या खाचरात उतरले तरी शर्टाचं वरचं बटण उघडत नाहीत. मे महिन्यातल्या एका दुपारी ते दुकानात आले तेव्हा मालक जेवायला गेले होते.

"जनरेटर पायजे," ते म्हणाले. "फुसका नको."

"कशासाठी हवाय, आण्णा?"

"मंडळींसाठी."

"किती मंडळी आहेत घरात?"

"एकच हाय. दुसरी करायचं वय ऱ्हायलंय का माजं?"

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला की हे बायकोबद्दल बोलतायत. खरं तर तिथंच मी सावध व्हायला हवं होतं. एका शब्दावर आम्ही दोघं आपटलो होतो, आणि अजून फॉर्म भरायचा होता.

बायकोचं, म्हणजे सगुणाबाईंचं, चुलीच्या धुरानं फुफ्फुस खराब झालं होतं. डॉक्टरांनी ऑक्सिजनचं मशीन दिलं होतं. ते विजेवर चालतं आणि दिवसाचे पंधरा-सोळा तास त्याची नळी नाकाला लावून बसावं लागतं. अडीनडीला एक सिलिंडर होता, पण तो काही तासांचा. आणि डोंगरात वाऱ्यापावसानं झाड पडलं, तार तुटली, की लाइट दोन-दोन दिवस येत नाही. त्यात कुणाचा दोष नाही, पण मशीनला ते सांगून उपयोग नसतो.

त्यांचा मुलगा हनुमंत पुण्यात नोकरीला. तो आईला दोन महिने आपल्या फ्लॅटवर घेऊन गेला होता. सातवा मजला. नवरा-बायको कामावर, नातवंडं शाळेत. "दार उगडलं की समोर दुसरं दार, आन् तेबी बंद," असं सगुणाबाई म्हणायच्या. हट्टानं त्या गावी परत आल्या, तेव्हा हनुमंतानं बापाला अट घातली: लाइट जाऊन मशीन एकदा जरी थांबलं, तर आईला कायमची घेऊन जाणार.

"तिकडं जायला लागलं तर ती रडत जाईल," मानसिंगराव म्हणाले. "आन् मी हितं एकटा काय भिताडाशी बोलू?" एवढं बोलून ते पाण्याच्या मोटरींकडं बघत बसले. मला त्या माणसाचं वाईट वाटलं. त्या वाईट वाटण्यातच घोळ झाला.

आमच्या फॉर्मवर तिसरा प्रश्न लोडचा असतो. घरातली सगळी उपकरणं मिळून किती वीज खातात, त्यावरून कुठला जनरेटर द्यायचा ते ठरतं.

"घरात लोड किती?" मी विचारलं.

मानसिंगरावांची छाती फुगली. "सहा."

मी बघतच राहिलो. खेड्यातल्या घराचा लोड दोन किलोवॅट निघाला तरी डोक्यावरून पाणी.

"सहा? नक्की?"

"मोजून सहा. आख्ख्या आळीत कुणाकडं न्हाईत."

"सगळे चांगले आहेत?"

"दोन जरा बसलेत. बाकी टणक हायेत."

बसलेत म्हणजे बंद पडलेत, दुरुस्त करून घेतील, असं मी धरलं. "सगळे एकाच वेळी लागतात का?"

"रोज कुठं? पाव्हणे आले की सगळे लागत्यात."

"पुढं वाढणार आहेत?"

"नातीचं लगीन जमलं की आणखी दोन करनार."

मी लिहिलं: लोड सहा किलोवॅट, पुढं वाढेल. आजारी माणसाचा मामला आहे, कुठं कमी नको, म्हणून साडेसात केव्हीएचा डिझेल जनरेटर काढून दिला. हा मंगल कार्यालयात लावतात. गोठ्याएवढा नसतो, पण गोठ्यातल्या म्हशीएवढा नक्की असतो.

टेम्पोतून तो उतरवायला आठ माणसं लागली. मानसिंगरावांनी परसात, घरापासून लांब, ओटा बांधून ठेवला होता. त्यांनी मशीनला हळद-कुंकू लावलं, नारळ फोडला, भैरवनाथाचा अंगारा लावला. लाइट गेली की घर बोर्डाच्या तारेवरून जनरेटरवर घेणारा स्विच मी बसवला आणि म्हणालो, "आण्णा, आता लोड कुठं कुठं आहेत ते दाखवा, वायर ओढतो."

"वायर कशाला?" असं म्हणत त्यांनी मला बैठकीच्या खोलीत नेलं.

तिथं भिंतीलगत गादी अंथरली होती, आणि गादीवर पांढऱ्याशुभ्र अभ्र्यांत सहा लोड मांडले होते. टेकून बसायचे. कापसाचे.

"हे बग," मानसिंगराव म्हणाले. "आन् हे दोन बसलेले."

त्या घरात बाकी होतं काय? पाच बल्ब, दोन पंखे, एक टीव्ही आणि सगुणाबाईंचं मशीन. हातानं उचलून नेता येतो तेवढा छोटा पेट्रोल जनरेटर त्या घराला पुरून उरला असता. मी तेव्हाच सांगायला हवं होतं. पण टेम्पो निघून गेला होता, आठ माणसांचा चहा पिऊन झाला होता, नारळ फुटला होता. आणि सरळ सांगायचं तर मालकापुढं उभं राहायची माझी छाती झाली नाही. मी म्हणालो, "छान आहेत."

सगुणाबाई आतल्या खोलीच्या दारात बसल्या होत्या. नाकात नळी, नळी चांगली वीस हात लांब. "दत्ता, च्या घेतलास का?" त्यांनी विचारलं. पहिल्याच भेटीत माझं नाव त्यांनी लक्षात ठेवलं होतं. दिवसभरात आम्हा टेम्पोवाल्यांशिवाय त्या घरात कुणी आलं नाही, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं नाही.

जून संपताना फोन आला. "दत्ता, मशीनला पडसं झालंय. काळं शेंबूड गाळतंय."

जाऊन बघतो तर सायलेन्सरमधून काळं तेल ठिबकत होतं आणि पांढरा धूर येत होता. डिझेल इंजिनाचं असं असतं, की त्याला काम कमी पडलं की डिझेल पुरतं जळत नाही. आत काजळी धरते आणि एक दिवस ते बसकण मारतं. म्हणजे छोटा जनरेटर मी दिला नाही म्हणून हा मोठा आजारी पडला होता. मी सायलेन्सर खोलून साफसफाई केली आणि घाईत सांगून निघालो, "आण्णा, याला लोड कमी पडतोय. लोड द्या."

दुसऱ्या दिवशी परत फोन. "दिले दोन. एकाला भोक पडलं जळून."

त्यांनी खरोखर दोन लोड नेऊन मशीनच्या दोन बाजूंना लावले होते. मला धावत जावं लागलं. मग मात्र मी त्यांना बसवून समजावलं, की विजेचा लोड वेगळा आणि कापसाचा वेगळा. ते जळक्या लोडाच्या भोकात बोट घालून म्हणाले, "मग तसं बोलावं की माणसानं." फॉर्मवर मी काय लिहिलं होतं, ते मात्र मी गिळलं. जनरेटरवर एक काटा आहे, तो किती करंट जातोय ते दाखवतो. मी खडूनं दहाच्या आकड्यावर खूण केली. "जनरेटर चालू असेल तेव्हा काटा या खुणेच्या खाली राहू द्यायचा नाही. खाली राहिला तर मशीन मरतं."

"आन् मशीन मेलं तर ही पुण्याला," मानसिंगराव म्हणाले. त्यांच्या घरात सगळं चालू केलं तरी काटा तीनवर अडत होता.

मी त्यांना पाणी तापवायचा रॉड आणून दिला. बादलीत टाकला की काटा नऊवर जातो, वर एक इस्त्री लावली की झालं. उपाय सरळ होता, पण मानसिंगरावांना तापलेलं पाणी फेकून देणं जमेना. जळाण घालून तापवलेलं पाणी, मग ते जळाण डिझेलचं का असेना, ओतून कसं द्यायचं? जुलैत लाइट गेली त्या दिवशी त्यांनी स्वतः पाच आंघोळी केल्या. मग बैलांना गरम पाण्यानं धुतलं. मग म्हशीला. म्हशीनं दावं तोडलं. अंगाची साल निघायची वेळ आली तेव्हा त्यांनी शेजारच्या अंबूबाईंना हाक मारली. अंबूबाई एकट्या राहतात, गुडघे दुखतात. त्यांनी पाय शेकून घेतले, मनसोक्त न्हाल्या, आणि जाताना सगुणाबाईंजवळ तासभर बसल्या.

तिथून या सगळ्याला तोंड फुटलं.

मात्र त्यात एक अडचण होती, आणि ती खुद्द मानसिंगराव होते. आळीत घरं चौदा. त्यांतल्या नऊ घरांशी त्यांचं बोलणं बंद. एकाच्या कोंबडीनं यांच्या ओट्यावर अंडं घातलं आणि त्यानं ते परत मागितलं, म्हणून बंद. एकानं भैरवनाथाच्या यात्रेत देणगीदारांची नावं वाचताना माइकवर नुसतं 'मानसिंग' म्हटलं, 'राव' खाल्लं, म्हणून बंद. एक जण यांच्या शिंकेला हसला होता. नवरे बोलेनात तशा त्यांच्या बायकाही सगुणाबाईंकडं यायच्या थांबल्या होत्या, आणि सगुणाबाईंना तर दम लागल्यामुळं चार घरं ओलांडून जाता येत नव्हतं.

आता हाच माणूस टोपी सरळ करून दारोदार फिरू लागला. लाइट गेली की जनरेटर चालू करायचा आणि आळीत हिंडत सांगायचं, "काय दळायचं-वाटायचं असंल तर आमच्याकडं या. फुकट हाय." लोकांना वाटलं, हा ग्रामपंचायतीला उभा राहतोय. कुणाला वाटलं, पुढं सगळ्यांकडून काहीतरी सह्या घेईल. दोन दिवस कुणी फिरकलं नाही. शेवटी अंबूबाईंनी आळीभर सांगितलं, की सगुणीचा श्वास त्या मशीनवर आहे आणि ते मशीन आपण काही लावलं नाही तर मरतं.

हे ऐकल्यावर माणसं आली. मला अजून नवल वाटतं. फुकट म्हटल्यावर ती आली नव्हती.

मी पुढच्या खेपेला गेलो तेव्हा परसाची जत्रा झाली होती. ओट्यावर चार मिक्सर गुरगुरत होते. कुणी घरची छोटी गिरणी उचलून आणली होती. फणसाखाली टेबल टाकून रत्ना नावाची शेजारची सून इस्त्री करत होती. मानसिंगराव काट्यासमोर खुर्ची टाकून बसलेले.

"नवावर आला! मिक्सर कुणी बंद केला?"

"चटणी झाली, भाऊजी."

"मंग दुसरी कर!"

"दाणं संपलं."

"फिरव रिकामा! रत्ना, इस्त्री खाली ठिवू नको!"

रत्नाचे कपडे केव्हाच संपले होते. तिनं घरातल्या चादरी केल्या, बैलांच्या झुली केल्या, मग खताची पोती केली. मी स्वतःच्या डोळ्यांनी त्या गावात पोत्याला घडी पडलेली पाहिली आहे. सगुणाबाई लांबून, दळणाची धूळ येणार नाही अशा जागी ओटीवर बसून सगळ्यांना सांगत होत्या, कुणाच्या चटणीत मीठ जास्त झालंय ते. एवढं बोलून त्यांना धाप लागायची, मग हातानं खुणा करायच्या. बायका त्या खुणांना हसायच्या.

पण मिक्सर पाच मिनिटांत थांबतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्या लोकांचा भरवसा नाही. काटा आठ, बारा, सात असा नाचत राहायचा. मी म्हणालो, "आण्णा, एखादी मोटर बघा. तासभर सलग चालेल अशी. कुणाकडं कडबा कुट्टी मशीन आहे का?"

परसातल्या सगळ्या बायका मानसिंगरावांकडं बघू लागल्या.

वैरण बारीक कापणारं ते कुट्टी मशीन आळीत एकाच घरी होतं, कुंडलिककडं. कुंडलिक त्यांच्या भावकीतला, बरोबरीचा, एका पाटीवर शिकलेला. बारा वर्षांपूर्वी मानसिंगरावांच्या पुतणीची सुपारी फुटली तेव्हा पाहुण्यांनी बैठक भरली होती. जागा नव्हती म्हणून कुंडलिक लोडावर चढून बसला. शिवण उसवली. सगळ्या पाहुण्यांदेखत मानसिंगराव म्हणाले, "लोड टेकायला असतो, बसायला न्हाई. ज्याला बसायचं कळत न्हाई त्यानं उभं ऱ्हावं." कुंडलिक उभा राहिला आणि न जेवता घरी गेला. तेव्हापासून दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. अगदीच अडलं तर मधल्या माणसाला सांगायचे, आणि मधे माणूस नसला तर बैलाला.

"मी न्हाई जानार," मानसिंगराव म्हणाले. मग आत ऑक्सिजनच्या मशीनचा आवाज येत होता तिकडं त्यांनी पाहिलं. "दत्ता, तू चल संगं."

कुंडलिक अंगणात दोर वळत बसला होता. आम्हाला बघून त्यानं मान वर केली नाही.

"दत्ता," मानसिंगराव मला म्हणाले, "त्यांना सांग, आमाला त्यांचा लोड पायजे."

मी डोळे मिटले. कुंडलिकच्या हातातला दोर थांबला.

"ह्यांना सांगा," तो मला म्हणाला, "बारा वर्सं झाली. दारात यून टोचायची गरज नव्हती. लोडाचं पैसं पायजेत का?"

"त्यांना सांग, त्यो लोड न्हाई. विजंचा लोड."

"ह्यांना सांगा, विजंला लोड कशाला? टेकून बसती का ती?"

"त्यांना सांग, मलाबी असंच वाटलं हुतं. एक जाळला म्या."

कुंडलिकनं पहिल्यांदा मान वर केली. "जाळला?" तो मला विचारत होता, पण बघत मानसिंगरावांकडं होता. "कुठला? मी बसलेला का?"

"त्यांना सांग, व्हय. त्योच जळला."

आता हे खरं की खोटं मला ठाऊक नाही. सहा लोड, सगळ्यांना एकसारखाच पांढरा अभ्रा. पण कुंडलिकच्या मिशीखाली काहीतरी हललं. तो उठला, खुंटीवरचा शर्ट घातला आणि बैलाला म्हणाला, "चल बाबा, आपलं मशीन न्यायचंय."

चार माणसांनी कुट्टी मशीन उचलून परसाच्या दूरच्या टोकाला, वाऱ्याच्या खाली ठेवलं. मी अजून वायर तपासतच होतो, तोवर कुंडलिकनं बटण दाबलं. मोठी मोटर सुरू होताना एकदम झटका घेते, म्हणून ती आधी लावायची, हे मी फक्त मानसिंगरावांना सांगितलं होतं. जनरेटर कण्हला, दिवे मंदावले, आणि आतून सगुणाबाईंच्या मशीनची शिट्टी वाजली.

"कुंडल्या!" मानसिंगराव गावभर ऐकू जाईल असे ओरडले. "बंद कर! मिक्सर चालू असताना न्हाई लावायचं, आधी तुजं, मग बाकीचं!"

"मग आधी सांगायचं न्हाई व्हय, मान्या?" कुंडलिक तितकाच ओरडला.

त्यानं बटण बंद केलं. शिट्टी थांबली. दोघं एकमेकांकडं बघत उभे राहिले. बारा वर्षांत पहिल्यांदा मधे बैल नव्हता. मग मिक्सर बंद केले, मोटर आधी लावली, काटा चौदावर जाऊन स्थिर झाला आणि सायलेन्सरचा धूर हळूहळू साफ झाला.

त्या पावसाळ्यात पुढं एकदा तीन दिवस लाइट नव्हती. तिसऱ्या दिवशी हनुमंत गाडी घेऊन आईला न्यायलाच आला, आणि मी डिझेलचा फिल्टर बदलायला. त्याला गाडी आत घेता येईना. परसात पंधरा-वीस माणसं, कुट्टीचा खडखडाट, गिरणी, गरम पाण्याला रांग. सगुणाबाई त्याला म्हणाल्या, "गाडी बाजूला लाव, गिरणीला जागा लागती. आन् च्या घे." त्यानं आणलेली रिकामी बॅग रिकामीच राहिली.

पण तो शिकलेला माणूस. जाताना मला बाजूला घेतलं. "दत्ता, खरं सांग. आईच्या मशीनला एवढा मोठा जनरेटर लागतो?"

मी त्याला सगळं सांगितलं. फॉर्म, सहा, बसलेले दोन, सगळं. तो हसेल असं वाटलं होतं, पण तो हसला नाही.

"लोकांच्या मिक्सरवर माझ्या आईचा श्वास नको," तो म्हणाला. "उद्या कुणी आलं नाही तर? छोटा आणून बसव. हा परत घेऊन जा."

त्याचं एकही वाक्य चुकीचं नव्हतं. मी मालकांना खरं सांगितलं. ते जे बोलले ते इथं लिहिण्याजोगं नाही, पण त्यांनी अदलाबदल करायला होकार दिला. आठवड्यानं मी टेम्पोत छोटा जनरेटर घेऊन गेलो. पुन्हा लाइट नव्हती. मानसिंगराव कुंडलिककडं गेले होते, बायका अजून जमायच्या होत्या. ओटीवर सगुणाबाई एकट्याच नळी सारखी करत बसल्या होत्या. मी त्यांच्यासमोर खोकं ठेवलं आणि चूक कबूल केली.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. खोक्यावर हात फिरवला.

"ह्यो एवढासा?"

"हो काकी. तुमच्या मशीनला आणि घराला भरपूर. आवाज कमी, डिझेल नको."

"ह्याला लोड लागत न्हाई?"

"नाही. तुमचं घर पुरे. एकटा चालतो."

"म्हंजी कुणी यायला नगं."

"नको. कुणालाच बोलवायला नको," मी म्हणालो. मला वाटलं, मी आनंदाची बातमी सांगतोय.

सगुणाबाईंनी खोक्यावरचा हात काढून घेतला. मग म्हणाल्या, "दत्ता, पुण्याला मी कशाला रडत हुते, ठावं हाय का? ह्यांना वाटतं गावासाटी. आरं, गावात तरी कोण येत हुतं? धा वर्सं ह्या ओटीवर मी रस्ता बगत बसले. लाइट हुती, तवा कुणी आलं न्हाई."

मी खोक्याच्या दोरीशी चाळा करत राहिलो.

"ह्यांना सांगू नगंस," त्या म्हणाल्या. "ह्यांना कळलं की त्यो मोठा लागत न्हाई, तर हे उद्याच आळीत जायचं थांबतील. टोपी सरळ करतील आन् घरात बसतील. मी वळखते न्हवं."

"पण काकी, एखाद्या दिवशी खरंच कुणी आलं नाही, ते मोठं बंद पडलं, तर?"

"म्हनून तर ह्यो ठिवते. मागच्या पडवीत ठिव, वर गोधडी टाक. ह्यांना म्हन, पोरानं फवारणीचा पंप धाडलाय. चालू करायचं रत्नाला शिकवून जा. हनुमंताला मी सांगते, ह्याचं पैसं त्यो दील."

मी तसं केलं. खोकं पडवीत नेलं, रत्नाला बोलावून दोरी कशी ओढायची, पेट्रोल कुठं घालायचं, मशीन नेहमी उघड्यावरच लावायचं, सगळं दोनदा दाखवलं. तिनं का म्हणून विचारलं नाही. वर गोधडी टाकली.

तेवढ्यात मानसिंगराव आणि कुंडलिक आले, कुट्टी मशीनवरून भांडतच. पाठोपाठ मिक्सर, डबे, पोरंबाळं. जनरेटर सुरू झाला. मानसिंगरावांनी टेम्पो पाहिला आणि त्यांचा चेहरा उतरला.

"दत्ता, तू कसा? मशीनला काय झालं का?"

"काही नाही, आण्णा. लोड बघायला आलोय."

"पुरतोय न्हवं?"

मी काट्याकडं पाहिलं. काटा सोळावर होता, खुणेच्या कितीतरी वर. ओटीवरून सगुणाबाई माझ्याकडं बघत होत्या. नाकातली नळी त्यांनी बोटानं जरा सारखी केली. चौदांपैकी तीन घरं अजून राहिली होती, ती कोंबडीवाली, माइकवाली आणि शिंकेला हसलेली.

"नाही," मी म्हणालो. "थोडा कमीच पडतोय. अजून तीन घरं तरी लागतील."

मानसिंगरावांनी एक उसासा सोडला, टोपी सरळ केली आणि म्हणाले, "कुंडल्या, चल संगं. मला एकट्याला जायला लाज वाटती."